वलय केव्हा जनक आणि केव्हा प्रतियोजी गट? कार्बनी संयुगांच्या नामकरणाविषयी सविस्तर उत्तर

वडोदऱ्यात रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीने तीन गोष्टी एकत्र विचारल्या आहेत. तीन कार्बनच्या वलयाला चार कार्बनची सरळ साखळी जोडलेली असेल, तर शिकवणीच्या वहीत त्या संयुगाचे नाव १-सायक्लोप्रोपिलब्युटेन असे आहे आणि संगणकावर तीच रचना काढली की ब्युटिलसायक्लोप्रोपेन असे नाव मिळते. यांपैकी बरोबर कोणते? फेनिल आणि बेंझिल हे गट नेमके कसे ओळखावेत? आणि औषधांच्या नावांत कंसात कंस येतात ते कोणत्या रीतीने वाचावेत? वडोदऱ्याच्या औषधनिर्मिती क्षेत्रात माझे बरेचसे काम कागदपत्रांतील संयुगांची नावे आणि त्यांच्या रचना परस्परांशी ताडून पाहण्याचे होते. पुढे दांडिया बाजारात मराठी मुलांना हाच विषय शिकवताना हेच तीन प्रश्न पुन्हा पुन्हा समोर आले. त्यामुळे हे उत्तर थोडे विस्ताराने लिहीत आहे.

पहिल्या प्रश्नातील दोन्ही नावे वाचून कोणीही तीच एक रचना काढील, म्हणून त्यांपैकी कोणतेही नाव फसवे नाही. तरीही आज ज्या नावाची शिफारस केली जाते ते ब्युटिलसायक्लोप्रोपेन हे आहे. यामागचे कारण नीट समजून घ्यायला हवे, कारण बहुतेक विद्यार्थी रचना समोर येताच कार्बन मोजू लागतात. ज्या भागात कार्बन अधिक, तो जनक (म्हणजे ज्याच्या नावावर संयुगाचे नाव उभे राहते आणि बाकीचे भाग ज्याला जोडलेले प्रतियोजी गट ठरतात तो मुख्य भाग), असे सूत्र त्यांच्या मनात पक्के बसलेले असते. माझ्या मते वलयी संयुगांच्या नामकरणातील निम्म्याहून अधिक चुका या एका सूत्रातून जन्म घेतात. कार्बनची संख्या हा जनक ठरवण्याचा पहिला निकष कधीच नव्हता.

पहिला निकष आहे तो प्रमुख क्रियात्मक गटाचा, म्हणजे ज्याचा उल्लेख नावाच्या शेवटी प्रत्यय म्हणून होतो त्या गटाचा. आम्ल, एस्टर, अमाइड, नायट्राइल, अल्डिहाइड, कीटोन, अल्कोहोल, अमाइन अशी ज्येष्ठतेची उतरती क्रमवारी आपण शिकलेलीच असते. रेणूत यांपैकी सर्वांत ज्येष्ठ गट कोणता आहे ते पाहावे, आणि तो ज्या भागाला जोडलेला असेल तो भाग जनक मानावा, मग तो भाग कितीही लहान असो. हॅलोजन, नायट्रो गट आणि ईथरमधील अल्कॉक्सी गट हे मात्र नेहमी उपसर्गच असतात. जनक ठरवताना त्यांना मत नसते.

गॅबापेंटिन या औषधाचे उदाहरण घ्या. त्यात सहा कार्बनचे वलय आहे आणि त्या वलयाच्या एकाच कार्बनवर दोन शाखा आहेत: एका शाखेच्या टोकाला अमिनो गट, दुसरीच्या टोकाला कार्बोक्सिल गट. वलय मोठे असूनही कार्बोक्सिल गट त्या दोन कार्बनच्या छोट्या साखळीवर आहे, म्हणून जनक ॲसेटिक आम्ल आणि संपूर्ण वलय हा प्रतियोजी गट. नाव होते [१-(अमिनोमिथिल)सायक्लोहेक्झिल]ॲसेटिक आम्ल. याउलट ट्रॅमाडॉलमध्ये हायड्रॉक्सिल गट थेट वलयाच्या कार्बनवर आहे. तेथे जनक सायक्लोहेक्झेन-१-ऑल, आणि नाव २-[(डायमिथिलअमिनो)मिथिल]-१-(३-मिथॉक्सीफेनिल)सायक्लोहेक्झेन-१-ऑल असे होते. दोन्ही रेणूंत सहा कार्बनचे तेच वलय आहे. एकात ते गौण आहे, दुसऱ्यात मुख्य आहे.

येथे एका जागी विद्यार्थी हमखास अडखळतात. कार्बोक्सिल गट वलयाला थेट जोडलेला असेल तर त्याचा कार्बन वलयाच्या मोजणीत येत नाही, आणि त्याला एका कार्बनची साखळीही मानत नाहीत. अशा वेळी वलयाच्या पूर्ण नावाला कार्बोक्सिलिक आम्ल हा प्रत्यय लावतात आणि सायक्लोहेक्झेनकार्बोक्सिलिक आम्ल असे नाव होते. अल्डिहाइडसाठी कार्बाल्डिहाइड आणि नायट्राइलसाठी कार्बोनायट्राइल हे प्रत्यय अशाच रीतीने येतात. वलय आणि कार्बोक्सिल गट यांच्यामध्ये एक जरी कार्बन आला तरी परिस्थिती पालटते आणि सायक्लोहेक्झिलॲसेटिक आम्ल असे नाव करावे लागते. केमिकल ॲब्स्ट्रॅक्ट्स या रासायनिक संदर्भसेवेच्या सूचीत मात्र अशा संयुगांसाठी वलय आणि आम्ल यांची नावे सरळ जोडण्याची पद्धत आहे. आयबुप्रोफेन तेथे बेंझीनॲसेटिक आम्लाच्या नोंदीखाली सापडते आणि आययुपॅकच्या, म्हणजे रसायनांच्या नामकरणाचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या, पद्धतीने त्याचे नाव २-[४-(२-मिथिलप्रोपिल)फेनिल]प्रोपॅनॉइक आम्ल असे होते. कच्च्या मालाच्या कागदपत्रांत ही दोन्ही नावे येतात. ती पाहून दोन वेगळे पदार्थ आले असे समजू नये.

प्रमुख गट वलयावरही असेल आणि साखळीवरही असेल, तर ज्या भागावर तो अधिक वेळा आला असेल तो जनक. ॲड्रेनलिनमध्ये वलयावर दोन हायड्रॉक्सिल गट आहेत आणि साखळीवर एक. म्हणून जनक बेंझीन-१,२-डायऑल आणि नाव ४-[१-हायड्रॉक्सी-२-(मिथिलअमिनो)इथिल]बेंझीन-१,२-डायऑल. वलयावर एकच हायड्रॉक्सिल गट आणि साखळीवर दोन असते, तर हाच न्याय उलटा लागू झाला असता आणि १-(४-हायड्रॉक्सीफेनिल)इथेन-१,२-डायऑल यासारखे नाव झाले असते. संख्या समान असेल तर वलयाचा मान मोठा. बेंझीनच्या वलयावर एक कार्बोक्सिल गट आहे आणि समोरच्या कार्बनवरील शाखेच्या टोकाला दुसरा, अशा संयुगाला ४-(कार्बोक्सिमिथिल)बेंझॉइक आम्ल म्हणतात, ते याच कारणाने.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ब्युटिलसायक्लोप्रोपेनमध्ये प्रत्यय मिळवणारा कोणताच गट नाही, म्हणून पहिला निकष निर्णय देत नाही. अशा संयुगांसाठी आययुपॅकच्या १९७९ सालच्या नियमावलीत दोन मार्ग मोकळे ठेवले होते: एकतर ज्या भागावर अधिकाधिक प्रतियोजी गट दाखवता येतील तो भाग जनक मानावा, नाहीतर लहान भाग मोठ्या भागावरचा प्रतियोजी गट मानावा. यातील दुसरा मार्ग पाठ्यपुस्तकांत आणि शिकवणीच्या वह्यांत शिरला आणि हळूहळू कार्बन मोजण्याच्या सूत्रात त्याचे रूपांतर झाले. तीन कार्बनच्या वलयापेक्षा चार कार्बनची साखळी मोठी, म्हणून १-सायक्लोप्रोपिलब्युटेन. सहाच्या वलयापेक्षा चारची साखळी लहान, म्हणून ब्युटिलसायक्लोहेक्झेन. २०१३ सालच्या शिफारशींनी हा प्रश्न निकालात काढला. एकाच वर्गातील संयुगांत वलय हे साखळीपेक्षा नेहमीच ज्येष्ठ, आकार कोणताही असो, असे त्यात स्पष्ट केले आहे. त्यामुळे साखळी चार कार्बनची असो वा चौदा, पसंतीच्या नावात वलयच जनक राहते.

हा बदल मला मनापासून योग्य वाटतो. साखळीत एक कार्बन वाढला की संपूर्ण नावाची रचना उलटावी, यात वाचणाऱ्याचे काहीच हित नव्हते. पेंटिलसायक्लोहेक्झेन, हेक्झिलसायक्लोहेक्झेन, हेप्टिलसायक्लोहेक्झेन ही एकाच कुळातील संयुगे आज सूचीत शेजारीशेजारी राहतात. कार्बन मोजण्याच्या सूत्राने त्यांपैकी तिसरे संयुग १-सायक्लोहेक्झिलहेप्टेन होऊन भलत्याच पानावर जाऊन बसत असे.

याचे एक उदाहरण आपल्या गावातच आहे. वडोदऱ्याच्या पेट्रोकेमिकल संकुलाशी ज्यांच्या घरचे कोणी निगडित होते त्यांनी एलएबी हे नाव ऐकलेले असेल. धुण्याच्या पावडरीतील मुख्य घटक ज्यापासून बनवतात ते हे लिनिअर अल्किलबेंझीन. त्यात साधारणतः दहा ते तेरा कार्बनच्या सरळ साखळीला टोकाऐवजी मधल्या एखाद्या कार्बनवर बेंझीनचे वलय जोडलेले असते, आणि वलय कोणत्या कार्बनवर बसले आहे त्यानुसार समघटक (रेणुसूत्र तेच पण रचना वेगळी अशी संयुगे) ठरतात. कारखान्यातील विश्लेषक या समघटकांना २-फेनिल, ३-फेनिल असे म्हणतात, म्हणजे २-फेनिलडोडेकेन ही भाषा बोलतात. २०१३च्या शिफारशींप्रमाणे त्याच संयुगाचे नाव (डोडेकेन-२-इल)बेंझीन होते. कारखान्यातील भाषा बदलण्याची गरज नाही, कारण वलय साखळीवर कोठे बसले आहे हीच त्यांना हवी असलेली माहिती आहे आणि ती त्या नावात चटकन दिसते. प्रकाशित होणाऱ्या किंवा अधिकृत कागदपत्रांत मात्र वलय जनक ठेवावे. साखळीत द्विबंध असला तरी या निर्णयात फरक पडत नाही. स्टायरीनचे पसंतीचे नाव इथेनिलबेंझीन असेच आहे.

एकाच साखळीवर दोन वलये आली तर? पूर्वी डायफेनिलमिथेन हे नाव सर्वमान्य होते, आजही ते सर्वांना समजते आणि बोलण्यात वापरायला हरकत नाही. वलय ज्येष्ठ हे तत्त्व शेवटपर्यंत नेले की तेच संयुग १,१′-मिथिलीनडायबेंझीन होते, म्हणजे दोन जनक वलये आणि त्यांना जोडणारा मधला दुवा. पदवीच्या पातळीवर यात फार खोल जाण्याचे कारण नाही.

दोन भिन्न वलये परस्परांना जोडलेली असतील आणि प्रमुख गट नसेल, तर आधी विषमचक्रीय वलय (ज्यात कार्बनाखेरीज दुसरा अणूही आहे असे), त्यातही नायट्रोजन असलेले वलय ज्येष्ठ धरावे, म्हणून २-फेनिलपिरिडीन. दोन्ही वलये कार्बनचीच असतील तर अधिक वलयांची प्रणाली ज्येष्ठ, म्हणून १-फेनिलनॅफ्थॅलीन. नंतर अधिक अणूंचे वलय ज्येष्ठ, म्हणून सायक्लोपेंटिलसायक्लोहेक्झेन. आणि आकार समान असेल तर अधिक असंपृक्त, म्हणजे अधिक द्विबंध असलेले, वलय ज्येष्ठ, म्हणून सायक्लोहेक्झिलबेंझीन. दोन वलये अगदी सारखी असतील तर त्यांना संयुक्तपणे १,१′-बायफेनिल असे नाव मिळते. सिप्रोफ्लॉक्सॅसिनमध्ये तीन वलयप्रणाली आहेत, पण कार्बोक्सिल गट क्विनोलिनवर असल्यामुळे निवड करण्याचा प्रसंगच येत नाही. १-सायक्लोप्रोपिल-६-फ्लुओरो-४-ऑक्सो-७-(पिपेराझिन-१-इल)-१,४-डायहायड्रोक्विनोलिन-३-कार्बोक्सिलिक आम्ल या लांबलचक नावातील सायक्लोप्रोपिल आणि पिपेराझिन-१-इल हे दोन्ही वलयी प्रतियोजी गट आहेत.

जनक ठरल्यानंतर वलयी प्रतियोजी गटाचे स्वतःचे नाव ठरवायचे. येथे एकच नियम अत्यंत महत्त्वाचा आहे: वलयाचा जो कार्बन जनकाला जोडलेला आहे त्याला शक्य तितका लहान अंक मिळतो, आणि साध्या एकचक्रीय कार्बन वलयात तो अंक नेहमी १ असतो. द्विबंध किंवा शाखा यांचा विचार त्यानंतर होतो. वलय स्वतः जनक असताना जे अंक पडतात ते प्रतियोजी झाल्यावर बदलू शकतात, हे ध्यानात न घेतल्याने पुष्कळ चुका होतात. सायक्लोहेक्झीनच्या वलयावर द्विबंधाच्या शेजारच्या कार्बनवर क्लोरीन असेल तर वलय जनक आहे; द्विबंधाला १ हा अंक मिळतो आणि नाव ३-क्लोरोसायक्लोहेक्झ-१-ईन होते. त्याच जागी क्लोरीनऐवजी ॲसेटिक आम्लाची साखळी आली की वलय प्रतियोजी होते, जोडणीचा कार्बन १ होतो आणि नाव (सायक्लोहेक्झ-२-ईन-१-इल)ॲसेटिक आम्ल असे होते. जागा तीच असून तिसऱ्याचा पहिला झाला. नॅफ्थॅलीन, पिरिडीन, क्विनोलिन यांसारख्या वलयांचे अंक मात्र मुळातच ठरलेले असतात, म्हणून तेथे नॅफ्थॅलीन-२-इल, पिरिडिन-३-इल असे स्थान सांगावे लागते.

फेनिल आणि बेंझिल यांचा प्रश्न वरवर सोपा वाटतो, पण तो नीट सुटला की वलयी प्रतियोजी गटांचे सारे मर्म हाती येते. बेंझीनच्या वलयातून एक हायड्रोजन काढला की उरतो तो फेनिल: सहा कार्बन, आणि जोडणी वलयाच्या कार्बनवरून. टोल्युईनच्या मिथिल गटातून एक हायड्रोजन काढला की उरतो तो बेंझिल: सात कार्बन, आणि जोडणी वलयाबाहेरच्या कार्बनवरून. बेंझिल म्हणजे फेनिलमिथिल, असे मनात म्हणावे. बेंझिल हे नाव २०१३च्या शिफारशींत टिकून आहे. परंतु त्याच्यावर आणखी काही जोडलेले असेल तर पसंतीच्या नावात बेंझिल न वापरता (४-क्लोरोफेनिल)मिथिल असे लिहितात. टॉलिल हा शब्द जुन्या कागदपत्रांत दिसेल. नव्या लेखनात त्याच्या जागी २-मिथिलफेनिल, ३-मिथिलफेनिल किंवा ४-मिथिलफेनिल लिहावे.

संपृक्त वलयांतही हीच जोडी भेटते. ४-मिथिलसायक्लोहेक्झिल आणि सायक्लोहेक्झिलमिथिल या दोन गटांत कार्बनची संख्या सारखी आहे, नावांतील घटकही तेच आहेत, फक्त क्रम वेगळा आहे. नावात जो घटक सर्वांत शेवटी येतो तो जनकाला जोडलेला असतो. पहिल्या गटात वलय जोडलेले आहे आणि मिथिल वलयाच्या पलीकडे आहे. दुसऱ्यात मिथिलचा कार्बन जोडलेला आहे आणि वलय त्याच्या पलीकडे.

हा फरक केवळ परीक्षेतील गुणांचा नाही. नंदेसरीच्या औद्योगिक वसाहतीकडे जाणाऱ्या रस्त्यावरून रसायनांचे टँकर रोज जातात. सयाजीराव महाराजांच्या काळी १८९० साली कलाभवन आणि १९०७ साली अलेंबिक ज्या शहरात उभे राहिले, त्याच्या परिसरात रसायनांचा व्यवहार आज किती मोठा आहे हे वडोदरेकरांना सांगायला नको. बेंझिल क्लोराइड आणि ४-क्लोरोटोल्युईन या दोन पदार्थांचे रेणुसूत्र एकच आहे: सात कार्बन, सात हायड्रोजन, एक क्लोरीन. पहिल्यात क्लोरीन वलयाबाहेरच्या कार्बनवर आहे, म्हणून तो अतिशय क्रियाशील आहे. त्याची वाफ डोळ्यांतून पाणी काढते आणि पाण्याशी संयोग होऊन हायड्रोक्लोरिक आम्ल सुटते. दुसऱ्यात क्लोरीन थेट वलयावर आहे आणि तो सहजासहजी निघत नाही. पद्धतशीर नावांत हा भेद स्वच्छ दिसतो: पहिला (क्लोरोमिथिल)बेंझीन, दुसरा १-क्लोरो-४-मिथिलबेंझीन. पहिल्या नावातील कंस काढून टाकला तर वाचणाऱ्याला क्लोरीन आणि मिथिल हे वलयावरील दोन स्वतंत्र गट वाटण्याचा धोका आहे.

कंसांविषयी मी एवढा आग्रही का आहे, ते यावरून ध्यानात येईल. (क्लोरोफेनिल)ॲसेटिक आम्ल म्हणजे क्लोरीन वलयावर. क्लोरो(फेनिल)ॲसेटिक आम्ल म्हणजे क्लोरीन साखळीवर. अक्षरे तीच, क्रम तोच, आणि संयुगे दोन. तसेच डायक्लोरोफेनिल म्हणजे एकाच वलयावर दोन क्लोरीन, जसे डायक्लोफेनॅकमध्ये आहेत. त्याचे नाव [२-(२,६-डायक्लोरोॲनिलिनो)फेनिल]ॲसेटिक आम्ल असे आहे. परंतु प्रत्येकी एक क्लोरीन असलेली दोन वलये सांगायची असतील तर बिस(४-क्लोरोफेनिल) लिहावे लागते. डीडीटीचे रूढ पद्धतशीर नाव १,१,१-ट्रायक्लोरो-२,२-बिस(४-क्लोरोफेनिल)इथेन असे आहे. डी, डी आणि टी ही आद्याक्षरे ज्या जुन्या नावातून आली, त्या डायक्लोरोडायफेनिलट्रायक्लोरोइथेन या नावातून वलयांवर क्लोरीन नेमके कोठे आहेत ते कळत नाही. प्रतियोजी गट स्वतःच प्रतियोजित असेल तेव्हा डाय, ट्राय यांऐवजी बिस, ट्रिस वापरायचे आणि गट कंसात ठेवायचा, ही शिस्त म्हणूनच आली.

कंसात कंस येतात तेव्हा आययुपॅकच्या पद्धतीत सर्वांत आत गोल, त्याबाहेर चौकोनी, त्याबाहेर महिरपी आणि त्याबाहेर पुन्हा गोल असा क्रम असतो. सर्दीसाठी घरोघरी घेतल्या जाणाऱ्या सेटिरिझिनचे नाव पाहा: (२-{४-[(४-क्लोरोफेनिल)(फेनिल)मिथिल]पिपेराझिन-१-इल}इथॉक्सी)ॲसेटिक आम्ल. दांडिया बाजारातील एखाद्या वाड्यातले बिऱ्हाड शोधणारा माणूस आधी गाव, मग बाजार, मग वाडा आणि शेवटी खोली असा जातो. हे नावही तसेच उजवीकडून आणि बाहेरून आत वाचावे. जनक आहे ॲसेटिक आम्ल, रेणूत तीन वलये असूनही, कारण कार्बोक्सिल गट तेथे आहे. त्या आम्लाच्या दुसऱ्या कार्बनवर ऑक्सिजनमार्फत दोन कार्बनची इथॉक्सी साखळी आहे. त्या साखळीच्या दुसऱ्या कार्बनवर पिपेराझिनचे वलय त्याच्या पहिल्या नायट्रोजनने जोडलेले आहे. वलयाच्या चौथ्या स्थानी, म्हणजे समोरच्या नायट्रोजनवर, एक कार्बन आहे आणि त्या कार्बनवर दोन वलये आहेत: एक साधे फेनिल आणि एक क्लोरीन असलेले फेनिल. कागदावर या क्रमाने एकेक भाग काढत गेलात तर संपूर्ण रचना न अडखळता उभी राहते. फेनिलभोवतीचा गोल कंस अनेक जण अनावश्यक समजून गाळतात. मी तो ठेवतो, कारण त्यामुळे क्लोरोफेनिल व फेनिल ही दोन स्वतंत्र वलये एकाच मिथिलवर आहेत याविषयी शंकेला जागाच राहत नाही.

उपसर्गांच्या वर्णक्रमाबद्दल आपण विचारलेले नाही, पण मराठीतून अभ्यास करणाऱ्यांसाठी ते सांगणे आवश्यक आहे. हा क्रम रोमन वर्णमालेचा आहे आणि नाव देवनागरीत लिहिले तरी तोच पाळावा लागतो. कंपवाताच्या रुग्णांना दिल्या जाणाऱ्या ट्रायहेक्झिफेनिडिलमध्ये एकाच तीन कार्बनच्या साखळीवर तीन वलये आहेत: १-सायक्लोहेक्झिल-१-फेनिल-३-(पिपेरिडिन-१-इल)प्रोपेन-१-ऑल. देवनागरीच्या क्रमाने पिपेरिडिन फेनिलच्या आधी आले असते. रोमन लिपीत दोन्हींचे पहिले अक्षर पी आहे आणि दुसऱ्या अक्षरांत एच हा आयच्या आधी येतो, म्हणून फेनिल आधी. सायक्लो हा नावाचाच भाग असल्याने तो क्रमात धरला जातो. डाय आणि ट्राय यांचे थोडे निराळे आहे: ४-इथिल-१,२-डायमिथिलबेंझीन या नावात डाय केवळ संख्या सांगतो, म्हणून तो सोडून इथिल आधी आणि मिथिल नंतर, पण १-(२,२-डायमिथिलसायक्लोप्रोपिल)-४-इथिलबेंझीन या नावात डाय हा कंसातील संपूर्ण गटाच्या नावाचे पहिले अक्षर पुरवतो, म्हणून डी आधी आणि ई नंतर. वलयी प्रतियोजी गटांवर शाखा असतात तेव्हा हा प्रश्न सतत उद्भवतो.

वलयावर दोन जागी गट असतील तर ते वलयाच्या एकाच बाजूला आहेत की विरुद्ध बाजूंना, हेही नावात आले पाहिजे. मधुमेहावरील ग्लिमेपिराइडमध्ये ट्रान्स-४-मिथिलसायक्लोहेक्झिल हा गट आहे. त्याचाच सिस समघटक औषधसंहितेत अशुद्धी म्हणून गणला जातो. नावातून ट्रान्स हा एक शब्द गळला तर औषध आणि त्यातील अशुद्धी यांची नावे एकच होतात. संपृक्त वलय दिसले की हा प्रश्न स्वतःला विचारावा. बेंझीनचे वलय सपाट असल्याने तेथे तो उद्भवत नाही.

राहिला परीक्षेचा विषय. आपल्या विद्यापीठाने जे पुस्तक नेमले आहे त्यात १९७९ची पद्धत असेल तर परीक्षेत तिच्याप्रमाणे लिहिण्यास हरकत नाही. १-सायक्लोप्रोपिलब्युटेन लिहिणाऱ्याला त्या पुस्तकाच्या चौकटीत चूक म्हणता येणार नाही. प्रश्नात नव्या शिफारशींचा उल्लेख असेल तर ब्युटिलसायक्लोप्रोपेन लिहावे. प्रयोगवहीत, प्रकल्पात आणि पुढे नोकरीत नवी पद्धत वापरावी. संगणकाने दिलेले नाव जसेच्या तसे उतरवण्याआधी ते नाव एखाद्या मैत्रिणीला रचना न दाखवता द्यावे आणि तिला त्यावरून रचना काढायला सांगावे. तिची रचना आपल्या रचनेशी जुळली नाही, तर आधी कंस तपासावेत, मग जोडणीच्या कार्बनचा अंक तपासावा; दोष बहुधा या दोन जागी सापडतो. सरावासाठी वर दिलेल्या ट्रायहेक्झिफेनिडिलच्या नावापासून सुरुवात करावी: हायड्रॉक्सिल गट असलेल्या कार्बनवर एक संपृक्त आणि एक असंपृक्त अशी दोन वलये आली, आणि साखळीच्या दुसऱ्या टोकाला नायट्रोजनने जोडलेले तिसरे वलय आले, तर आपली रचना बरोबर आहे.